अमेरिकेतल्या घटस्फोटाच्या निकालाची प्रमाणित प्रत: काउंटीकडे मागायची की राज्याकडे?

अबोली_पुणे

नमस्कार मंडळी. विषय वाचून कोणी हळहळू नये म्हणून आधीच सांगते: घटस्फोट जुना आहे, आता दुसऱ्या लग्नाची तयारी चालली आहे आणि अडचण फक्त कागदाची आहे.

पहिलं लग्न पुण्यात, घटस्फोट कॅलिफोर्नियात, बे एरियात, दोघांच्या संमतीने. २०१२ साली मी परत आले. येताना बॅगेत पुरणयंत्रसुद्धा आठवणीने भरलं, कोर्टाचा कागद मात्र राहिला. वकीलबाईंनी ईमेलने पाठवलेलं स्कॅन आहे, ५८ पानी. पहिल्या पानाचा उजवा कोपरा स्कॅन करताना कापला गेलाय आणि केस नंबर नेमका तिथेच होता. वकीलबाई निवृत्त झाल्या, त्यांचा फोन लागत नाही.

विशेष विवाह कायद्याखाली नोटीस द्यायला गेलो, तर तिथल्या बाईंनी माझं प्रिंट बोटाने बाजूला सरकवलं. "ही झेरॉक्स झाली. कोर्टाच्या सही-शिक्क्याची नक्कल आणा, त्यावर अपॉस्टिल करून आणा." (अपॉस्टिल म्हणजे कागदावरची सही-शिक्का खरा आहे असं सांगणारा सरकारी दाखला.)

हे मागायचं कोणाकडे? राज्याकडे, काउंटीकडे (म्हणजे तिकडच्या जिल्ह्याकडे) की आपल्या वकिलातीकडे? केस नंबर नसताना शोधतात का? आणि पुण्यात बसून होईल का? फ्रीमाँटला एक मैत्रीण आहे, ती हेलपाटे घालायला तयार आहे.

शेंगदाणाकूट

काउंटी. ज्या काउंटीच्या कोर्टात अर्ज दाखल झाला तिथेच निकालाची फाइल राहते. लग्न कुठे झालं, आता कोण कुठे राहतं याला काही अर्थ नाही. आपल्याकडे कोर्टात नक्कल विभाग असतो ना, तिकडे ते काम क्लर्कच्या ऑफिसात होतं.

गोंधळ नावांचा आहे. कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, वॉशिंग्टनमध्ये सुपीरियर कोर्ट. इलिनॉय, मिसूरीत सर्किट कोर्ट. आमच्या टेक्ससमध्ये डिस्ट्रिक्ट क्लर्क. न्यू यॉर्कमध्ये घटस्फोट सुप्रीम कोर्टात होतो, पण ते सुप्रीम नाव असलेलं खालचंच कोर्ट. माझ्या आतेभावाने "माझी केस सुप्रीम कोर्टात आहे" असं घरी सांगितल्यावर आत्याने देव पाण्यात घातले होते.

झटपट_उत्तर

इतका त्रास कशाला? नाव टाकलं की अमेरिकेतलं कुठलंही रेकॉर्ड पाच मिनिटांत देणाऱ्या साइट आहेत. थोडे डॉलर भरा, पीडीएफ येतं.

शेंगदाणाकूट

येतं. त्यात तुमचे जुने पत्ते, शेजाऱ्याचं नाव आणि "संभाव्य नातेवाईक" म्हणून एखादा भलताच जोशी येतो. त्यावर कोर्टाचा शिक्का नसतो. नोंदणी कार्यालयात ते कागदाच्या होडीइतकंच कामाचं. फार तर काउंटी कुठली असेल याचा सुगावा लागतो, तोही खात्रीचा नाही.

आणि पेसर नावाच्या सरकारी साइटवरही कोणी शोधू नका. तिथे फक्त फेडरल कोर्टांच्या केसेस असतात. घटस्फोट हा राज्याच्या कोर्टांचा विषय आहे.

तळ्यातमळ्यात

अबोलीताई, मी कॅलिफोर्नियात स्वतःसाठी हेच सगळं केलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

राज्याकडे जाऊच नका. कॅलिफोर्नियाच्या आरोग्य खात्याकडे फक्त १९६२ ते जून १९८४ मधल्या घटस्फोटांच्या नोंदी आहेत. मिळतो तोही नोंदीचा दाखला, निकालाची प्रत नाही. तुमचा घटस्फोट त्यानंतरचा, म्हणजे तो दरवाजा बंद.

आता काउंटी पक्की करा. "बे एरिया" नावाची काउंटी नाही. फ्रीमाँट अलामेडा काउंटीत, पण त्याला चिकटून असलेलं मिलपिटास सांता क्लारात. कॅलिफोर्नियात अर्ज करायचा तर दोघांपैकी एकाने राज्यात सहा महिने आणि त्या काउंटीत तीन महिने राहिलेलं असावं लागतं. तेव्हा अर्ज दाखल करताना तुम्ही कुठे राहत होतात आणि तो कुठे, हे आठवा. घर विकल्यानंतरचा पत्ता धरू नका.

केस नंबर नसला तरी नावावरून शोधतात. अनेक काउंटींच्या कोर्टांच्या साइटवर नावाने केस सापडते आणि केसमध्ये काय काय दाखल झालं त्याची यादीही दिसते. प्रत्यक्ष कागद मात्र कौटुंबिक केसमध्ये घरबसल्या लोकांना उघडत नाहीत, ते कोर्टात जाऊनच बघायचे. राज्याचा नियमच तसा आहे. क्लर्ककडून शोधून घ्यायचं आणि दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला तर शोधाची वेगळी फी पडते.

शोधताना नाव सगळ्या रूपांत घाला. आपल्या बायकांच्या पासपोर्टवर मधलं नाव नवऱ्याचं असतं. तिकडच्या फॉर्मवर ते कधी पहिल्या नावाला चिकटतं, कधी गळतं. माझी केस माझ्या नावावर सापडलीच नाही, त्याच्या आडनावावर सापडली, कारण अर्जदार तो होता. वाघ असाल तर डब्ल्यू आणि व्ही दोन्ही करून बघा. देशपांडेंचं तर विचारूच नका.

अबोली_पुणे

तळ्यातमळ्यात, खूप धन्यवाद. तेव्हा मी सनीव्हेलला राहत होते, म्हणजे सांता क्लारा ना? आणि हो, पासपोर्टवर मधे त्याचंच नाव होतं! स्कॅनमध्ये माझी पहिली दोन्ही नावं जोडून एकच शब्द झालाय, ते आत्ता पाहिलं.

सत्यवचनी

कागदपत्रांचं ठीक आहे, पण इतक्या सहज घटस्फोट आणि पुन्हा लग्न, हे आपल्या संस्कृतीत बसतं का याचाही विचार व्हावा.

खडीसाखर

काका, धाग्याचा विषय क्लर्कची खिडकी आहे. संस्कृतीची खिडकी शेजारी, तिथे रांग नाही.

आता न्यू यॉर्कवाल्यांसाठी, कारण तिथलं गणित वेगळं आहे. कॅलिफोर्नियात फाइल सर्वसाधारणपणे खुली असते, अबोलीची मैत्रीण जाऊन प्रत मागू शकते. न्यू यॉर्कमध्ये घटस्फोटाची फाइल कायद्यानेच शंभर वर्षं बंद असते. पक्षकार, त्यांचा केसमधला वकील किंवा कोर्टाचा हुकूम असलेला माणूस, एवढ्यांनाच बघता येते. ती कोर्टाच्या नव्हे, काउंटी क्लर्कच्या ताब्यात असते. मॅनहॅटनची असेल तर ६० सेंटर स्ट्रीट, खोली १४१ बी. ओळखपत्र घेऊन स्वतः गेलात तर काम सोपं. दुसऱ्याला पाठवायचं तर नोटरी केलेलं अधिकारपत्र द्या, आणि ते भारतातून करायचं असेल तर मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन वकिलातीत नोटरीची सोय आहे, एका शिक्क्याला ५० डॉलर. आधी वेळ घ्यावी लागते.

राज्याचं आरोग्य खातं १९६३ पासूनच्या घटस्फोटांचा दाखला देतं, पण त्यात कोण, कधी, कुठे एवढंच असतं. हुकूमनामा हवा तर काउंटी क्लर्कच. मी आधी दाखला मागवला, तो इकडे चालला नाही, मग पुन्हा पहिल्यापासून सगळं केलं. त्या वेळी हा धागा असता तर!

शेंगदाणाकूट

टेक्ससमध्येही तोच प्रकार. राज्याकडून १९६८ पासूनच्या घटस्फोटांचं पडताळणीपत्र मिळतं. म्हणजे "अशी नोंद आमच्याकडे आहे" एवढं सांगणारं पत्र. हुकूमनामा डिस्ट्रिक्ट क्लर्ककडेच.

पत्त्याचा घोळ आमच्याकडेही आहे. केटी गावाचं उदाहरण घ्या. पोस्टाचा पत्ता केटी, पण गाव हॅरिस, फोर्ट बेंड आणि वॉलर अशा तीन काउंटींत पसरलेलं. केस ह्युस्टनला असेल की फोर्ट बेंडच्या रिचमंडला, ते घर रस्त्याच्या कुठल्या बाजूला होतं यावर ठरतं. घरपट्टीची जुनी पावती सापडली तर तिच्यावर काउंटी लिहिलेली असते. मित्राला मी तीच शोधायला लावली.

काळा_कोट

मी नाशिकला कौटुंबिक न्यायालयात वकिली करते. कागद इथे आल्यावर काय होतं तेवढंच सांगते.

बाईंनी झेरॉक्स नाकारली ती लहर म्हणून नव्हे. १९९१ चा सर्वोच्च न्यायालयाचा वाय. नरसिंह राव विरुद्ध वाय. वेंकट लक्ष्मी हा निकाल या विषयातला पाया आहे. लग्न तिरुपतीला, घटस्फोट मिसूरीतल्या सेंट लुईस काउंटीच्या सर्किट कोर्टातला, नवऱ्याने तिथे नव्वद दिवस राहिल्याचं सांगून मिळवलेला. पुढे त्याने दुसरं लग्न केलं आणि पहिल्या पत्नीने फौजदारी तक्रार केली. बहुतेक लोक या निकालातला अधिकारक्षेत्राचा भाग सांगतात, पण त्यात कागदाचाही एक परिच्छेद आहे. नवऱ्याने दिलेल्या प्रतीवर तिथल्या डेप्युटी क्लर्कचं प्रमाणन होतं. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, फोटोप्रत आहे म्हणून ती बाद होत नाही. बाद होते ती अमेरिकेतल्या भारत सरकारच्या प्रतिनिधीचं पुढचं प्रमाणन तिच्यावर नाही म्हणून. म्हणजे क्लर्कचा शिक्का ही पहिली पायरी, आणि तो शिक्का खरा आहे हे सांगणारा दुसरा शिक्का ही पुढची. भारत २००५ पासून अपॉस्टिलच्या करारात आहे, म्हणून आज हा दुसरा शिक्का अपॉस्टिलचा घेतला जातो.

निकालाच्या गाभ्याबद्दल: परदेशी निकाल कोणकोणत्या परिस्थितीत बंधनकारक ठरत नाही, ते दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १३ सांगतं. अबोलीताई, तुमची संमती होती, तुम्ही तिथे हजर होतात, ही जमेची बाजू. एकाने परस्पर मिळवलेला, दुसरा कधी हजरच न झालेला एकतर्फी घटस्फोट असेल तर नुसती प्रमाणित प्रत पुरत नाही. मग इथल्या कौटुंबिक न्यायालयात घोषणेचा दावा (वैवाहिक स्थिती कोर्टाकडून जाहीर करून घेण्याचा) लावायचा की नाही, हे कागद बघून ठरवावं लागतं. निकालात तुमची संमती किंवा हजेरी नोंदलेलं पान प्रमाणित प्रतीत आलंच पाहिजे, हे बघा.

आणि "अमेरिका त्याच संहितेच्या कलम ४४ अ च्या देशांच्या यादीत नाही, म्हणून घटस्फोट चालत नाही" असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या. ते कलम पैशाच्या वसुलीच्या हुकूमनाम्यांसाठी आहे.

चिंचगुळ

मॅसॅच्युसेट्समध्ये आणखी एक खाच आहे, माझी त्यात चांगलीच फजिती झाली. तिथे निकाल आधी "नायसाय" असतो आणि नव्वद दिवसांनी पक्का होतो. माझ्याकडे नायसायची प्रमाणित प्रत होती, सही, शिक्का, सगळं व्यवस्थित. पण ती वाचणाऱ्याला वाटणार, हे तर अजून अधांतरी! मागताना "घटस्फोट पक्का झाल्याचं प्रमाणपत्र" असं स्पष्ट सांगायचं. ते प्रोबेट अँड फॅमिली कोर्टातून मिळतं, २० डॉलर लागले होते. प्रोबेट म्हटलं की मृत्युपत्र असं आपल्या डोक्यात असतं, म्हणून मी आधी त्या इमारतीवरून दोनदा पुढे गेले.

एडिसनचे_काका

न्यू जर्सीची भर घालतो. माझ्या मेहुणीला १९९८ सालचा निकाल हवा होता. परत लग्न करायला नाही, सोशल सिक्युरिटीसाठी, म्हणजे तिकडच्या सरकारी पेन्शनसाठी. लग्न दहा वर्षं किंवा जास्त टिकलं असेल, वय ६२ झालं असेल आणि सध्या दुसरं लग्न नसेल, तर घटस्फोटित जोडीदाराच्या खात्यावर लाभ मागता येतो. जोडीदाराचं त्यात काही कमी होत नाही. आपल्या पिढीतल्या कित्येक बायकांना हे ठाऊकच नाही. "त्याचा पैसा नको" म्हणून बसतात. अहो, तो त्याचा नाही, कायद्याने तुमचा आहे. बारा वर्षं संसार केलात ना!

तिला वाटलं काउंटीच्या कोर्टात जाऊन आणू. पण जुन्या फाइली ट्रेंटनला सुपीरियर कोर्टाच्या क्लर्ककडे जातात. अर्ज भरताना डॉकेट नंबर (म्हणजे केस नंबरच) मागतात, तो एफएमने सुरू होतो. एफएम १२ म्हणजे मिडलसेक्स काउंटी. मेहुणी म्हणाली, "भावोजी, हे तर आकाशवाणीचं स्टेशन वाटतंय." नंबर पोटगीच्या जुन्या पाकिटावर सापडला. तेव्हा घरातली जुनी पाकिटं फेकू नका.

अबोली_पुणे

ताजी खबर. सांता क्लाराच्या कोर्टाच्या साइटवर केस सापडली! त्याच्या नावावर. पण यादीत "जजमेंट" दोनदा आहे. एक २०१० मध्ये, दुसरं २०११ मध्ये. माझ्याकडचं ५८ पानी स्कॅन २०११ चं आहे. माझा घटस्फोट दोनदा झाला का??

तळ्यातमळ्यात

घाबरू नकोस (आता एकेरीवर येते, चालेल ना?). कॅलिफोर्नियात दर्जा आणि मालमत्ता वेगळी करता येते. घराची, पेन्शनची वाटणी लांबत असेल तर कोर्ट आधी फक्त वैवाहिक दर्जा संपवतं आणि बाकीचं नंतर ठरवतं. पहिला निकाल बहुधा तो असेल, दुसरा वाटणीचा.

तुला हवा तो पहिला. एफएल-१८० नावाचा छापील फॉर्म असतो, त्याच्या वरच्या भागातच "वैवाहिक दर्जा संपल्याची तारीख" असते. विवाह अधिकाऱ्याला तीच बघायची असते. तो निकाल चार-सहा पानांचा असेल. ५८ पानांच्या वाटणीत तुझं बँक खातं, त्याचे शेअर, घराची किंमत असं सगळं असतं. ते नोंदणी कार्यालयाच्या टेबलावर कशाला उघडं करायचं?

मात्र काळा_कोट यांनी सांगितलेलं बघून घे, संमती किंवा हजेरी पहिल्यात नोंदली आहे ना. नसेल तर दोन्ही घे.

पैसे: मी काढली तेव्हा घटस्फोटाच्या निकालाच्या प्रमाणनाला १५ डॉलर आणि प्रतीला दर पानी ५० सेंट पडले. साइटवर इतर कागदांच्या प्रमाणनाचा ४० चा दर दिसेल, तो बघून दचकू नकोस. अर्जात "डिसोल्यूशनचा निकाल" हे शब्द घाल, तिकडे घटस्फोटाला डिसोल्यूशन म्हणतात.

अबोली_पुणे

एकेरीच बरं वाटतं ग. पोस्टाने मागवू का? अर्ज छापून तयार आहे.

तळ्यातमळ्यात

भारतातून पोस्टाने मागवायचं म्हणजे दोन अडचणी. ते डॉलरमधला, अमेरिकन बँकेवरचा चेक किंवा मनीऑर्डर मागतात. आणि सोबत तुझा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं परतीचं पाकीट हवं. पुण्यात अमेरिकन पोस्टाचं तिकीट कुठून आणणार? तेव्हा मैत्रिणीलाच सॅन होजेला पाठव, नॉर्थ फर्स्ट स्ट्रीटवरच्या फॅमिली कोर्टात. केस नंबर, दोघांची नावं, निकालाची तारीख एका चिठ्ठीवर लिहून दे, आणि "प्रमाणित" हा शब्द तिला तीनदा ऐकव. साधी प्रत घेऊन परत आलेले लोक मी पाहिलेत.

अपॉस्टिल मात्र काउंटी देत नाही. ते ज्या राज्याचा कागद, त्याच राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे (हा राज्य सरकारचा अधिकारी, अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री नव्हे). कॅलिफोर्नियात २० डॉलर. सॅक्रामेंटोला पोस्टाने पाठवता येतं. सॅक्रामेंटो किंवा लॉस एंजेलिसला खिडकीवर स्वतः गेलं तर वर ६ डॉलर. कागदावर सही कोणाची आहे ते राज्याच्या नोंदीतल्या सहीशी ताडून पाहतात, म्हणून अपॉस्टिलसाठी हवीय हे क्लर्कला आधीच सांगायचं. आणि अपॉस्टिल एकदा जोडलं की स्टेपल काढायची नाही! झेरॉक्स काढायलासुद्धा नाही. माझ्या मामांनी सवयीने काढली होती, मला रडू यायचं बाकी होतं.

खडीसाखर

स्टेपलला +१. न्यू यॉर्कमध्ये अपॉस्टिल १० डॉलर, पण आधी काउंटी क्लर्कचं प्रमाणन पाहिजे, क्रम चुकला की कागद परत.

काळा_कोट

पुणेकरांसाठी एक. प्रती दोन काढून घ्या. एक नोंदणीला देऊन टाकावी लागली तरी एक तुमच्याकडे राहील. पासपोर्ट, बँक, घर घेताना पुन्हा मागतीलच. आणि कागद इंग्रजीत आहे, भाषांतराची भानगड नाही, तेवढं तरी सुख.

अबोली_पुणे

झालं. मैत्रीण शुक्रवारी दुपारी गेली, दोन प्रती घेऊन बाहेर आली. पहिला निकाल चार पानांचा निघाला आणि माझी संमती त्यातच नोंदलेली आहे. एका प्रतीचे १७ डॉलर. सॅक्रामेंटोला पोस्टाने न पाठवता ती आणि तिचा नवरा गाडी घेऊनच गेले, म्हणाली तेवढीच सहल झाली. कुरिअरने कागद काल माझ्या हातात आले.

आज नोटीस दिली. त्याच बाई होत्या. अपॉस्टिलच्या पानावर बोट फिरवलं, तारीख वहीत उतरवून घेतली आणि म्हणाल्या, "तीस दिवसांनी या. साक्षीदार तीन आणा." बस, एवढंच. मी पर्समध्ये काळा_कोट यांनी लिहिलेल्या खटल्याचं नाव चिठ्ठीवर लिहून नेलं होतं, वापरायची वेळच आली नाही.

होणाऱ्या नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "२०१० ची तारीख? मग एवढी वर्षं वाट कशाला पाहिलीस?"

चिंचगुळ

अभिनंदन ग! पेढ्यांचा फोटो टाक.

एडिसनचे_काका

अभिनंदन. स्टेपल काढू नका.

नवखा_गडी

धागा वाचनखुणांत टाकला. मिशिगनचं कोणाला माहीत आहे का? बहिणीचा घटस्फोट तिकडे झाला, २००९. ती आता कोल्हापुरात आहे. केस नंबर नाही.

शेंगदाणाकूट

मिशिगनमध्ये सर्किट कोर्ट, आणि तिथे काउंटी क्लर्क हाच सर्किट कोर्टाचाही क्लर्क असतो. ताई तेव्हा कुठे राहत होत्या? नोव्ही असेल तर ओकलंड काउंटी, कँटन असेल तर वेन.

नवखा_गडी

आई म्हणते डेट्रॉइट. पण आईच्या लेखी सगळं मिशिगन डेट्रॉइटच आहे. बहिणीला फोन लावतो.